बिनबियांचा पेरू

आम्ही वसईकर. म्हणजे पोर्तुगिजांशी आमचा जुना घरोबा. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती परत घेतली. किल्ला घेतला, तोफा घेतल्या, चर्चच्या घंटा नेऊन आपल्या देवळांत टांगल्या. पण दोनशे वर्षांत पोर्तुगिजांनी आमच्या घरात जे आणून ठेवलं होतं ते न्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, आणि आम्हीही कशाला आठवण करून देतोय! बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, कोबी, काजू, अननस, पपई त्यांची. कणीक मळायची परात त्यांची, बादली त्यांची, पाण्याचं पिंप त्यांचं, अलमारी त्यांची आणि तिची चावीही त्यांचीच. ज्याची वाट बघत मी बँकेत छत्तीस वर्षं काढली तो पगारसुद्धा मूळचा पोर्तुगीज.

त्यामुळे मुलगी आणि जावई लिस्बनला राहायला गेल्यावर, "बाबा, इथे सगळीकडे इंग्रजी चालत नाही हं," असं मुलीने फोनवर बजावलं, तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "नको चालू दे. मराठी चालेल."

माझं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर दाल्गादो म्हणून एक विद्वान पाद्री होऊन गेले. लिस्बनमध्ये ते संस्कृत शिकवत. पोर्तुगीज शब्द आशियातल्या कुठकुठल्या भाषांत जाऊन राहिले, याचा पुस्तकभर हिशेब त्यांनी १९१३ मध्ये मांडला. ते पुस्तक मी वाचलेलं नाही. पण असं पुस्तक आहे एवढं कळलं की माझ्यासारख्याला ते वाचल्यासारखंच असतं. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. शब्द गेले कुठे, याचा हिशेब दाल्गादोंनी मांडला होता. ते चारशे वर्षांनी घरी परत आले तर घरचे त्यांना ओळखतील का, याची हमी त्यांनी कुठे दिली होती?

पहिले दोन दिवस माझा सिद्धांत दिमाखात चालला. कोपऱ्यावरच्या कॅफेत मी "चा" म्हणालो आणि चहा आला. बिनदुधाचा आला, पण आला. दुपारी खानावळीबाहेरच्या फळीवर 'प्रातो दो दिआ' असं लिहिलेलं दिसलं. मी बायकोला समजावलं, "प्रातो म्हणजे आपली परात. आजची परात." परातीत भात आणि तळलेला मासा होता, आणि आकार ताटलीएवढाच होता, पण नातं पटलं.

पावाने मात्र पहिला दगा दिला. आमचा पाव तिथे नाकातून म्हणायचा असतो. नाक मोकळं ठेवून सरळ 'पाव' म्हटलं तर त्याचा अर्थ होतो काठी. म्हणजे सकाळी सात वाजता मी बेकरीतल्या बाईंकडे चार गरम काठ्या मागत होतो. बाई आधी दचकल्या आणि मग हसत सुटल्या, ते का, असं मी मुलीला विचारलं. त्या शब्दाचा आणखी एक अर्थ तिने आईला स्वयंपाकघरात नेऊन सांगितला. मला तो आजवर कुणी सांगितलेला नाही. पाव आणायला त्यानंतर जावई जाऊ लागले.

तिसऱ्या दिवशी संकष्टी होती.

आता, संकष्टी म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न चंद्राचा. घरून नेलेल्या कालनिर्णयात लिस्बनची वेळ नव्हती. जून महिना, तिथे रात्री नऊपर्यंत उजेड. वसईच्या चंद्रोदयाला लिस्बनमध्ये नुकती संध्याकाळ झालेली असते, त्यामुळे माझा कल वसईच्या चंद्राकडे होता. पण उपवास बायकोचा, तेव्हा चंद्रही तिचाच. तिने लिस्बनचा धरला. मुलीने फोनवर बघून सांगितलं, "मध्यरात्रीच्या आसपास." आणि ती ऑफिसला निघून गेली.

"मग दिवसभराला खिचडी लागणार," असं म्हणत बायकोने बॅग उपसायला घेतली. तूप नव्हतंच. दुधातुपाचं काही तिकडे नेऊ देत नाहीत म्हणून ते आम्ही घरीच ठेवलं होतं. मेतकूट निघालं, कोकमं निघाली, सुकेळी निघाली. साबुदाणा निघेना.

इथे एक कबुलीजबाब देऊन टाकतो. निघायच्या रात्री मी बॅग काट्याला टांगली तेव्हा ती दोन किलोंनी जास्त भरली. बायको देवापाशी दिवा लावत होती. दोन किलोंची एकच वस्तू वर दिसत होती. ती मी हळूच काढली आणि आम्हाला विमानतळावर सोडायला आलेल्या पुतण्याच्या गाडीत ठेवली. लिस्बनमध्ये बायकोने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कस्टमवाल्यांनी काढला असेल."

"साबुदाणा? त्यांना कशाला हवा?"

"त्यांच्यातही कुणाची संकष्टी असेल."

यावर ती काही बोलली नाही. पिशवी घेतली आणि चपला घातल्या. बायको न बोलता चपला घालते तेव्हा मागून जाणं भाग असतं.

मुलीचं घर आरोयुशमध्ये. खाली उतरलं की एक भाजीचं दुकान. पांढऱ्या मिशांचे आजोबा ते चालवतात. मी आधी मुलीने फोनवर घालून दिलेलं भाषांतराचं यंत्र काढलं आणि त्यात स्वच्छ मराठीत बोललो, "आज उपवास आहे. काय खायला मिळेल?" यंत्रातून एक बाई गोड आवाजात काहीतरी बोलली. त्यात 'जेजूं' असा शब्द होता. जेजूं म्हणजे उपवास. जेवणासारखा वाटणारा शब्द त्यांनी न जेवण्याला का दिला कोण जाणे. आजोबांनी फोनकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, छातीवर क्रूस केला आणि आतून पाण्याची बाटली आणून तिच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत.

चूक आजोबांची नव्हती. 'उपवास आहे, काय खायचं?' हे वाक्य मराठीबाहेर गेलं की उभंच राहत नाही. आणि खायचं तरी काय, तर साबुदाणा, दाणे, बटाटा, रताळं, मिरची. तूप, मीठ आणि जिरं सोडलं तर आपल्या उपवासाच्या ताटातली ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, गलबतांतून आलेली. ज्या काळात समुद्र ओलांडला की माणूस बाटत होता, त्या काळात बटाटा समुद्र ओलांडून आला आणि थेट सोवळ्यात जाऊन बसला.

यंत्र खिशात घातलं आणि मी सिद्धांताकडे वळलो. "बटाटा!" मी म्हणालो. आजोबांचा चेहरा उजळला. "बताता!" ते म्हणाले. बायकोकडे मी विजयी मुद्रेने पाहिलं. "किलो," मी म्हणालो. "किलु," ते म्हणाले. चिमाजी अप्पांच्या वेळचं सगळं वैर तिथे मिटलं. तेवढ्यात त्यांनी दोन ढिगांकडे बोट दाखवून विचारलं, "कुझेर?"

"काय म्हणतायत?" बायको.

"कुजलेले चालतील का विचारतायत."

"काहीतरीच काय! नको म्हणावं."

मी जोरात मान हलवली. 'कुझेर' म्हणजे उकडायचे, हे संध्याकाळी कळलं. तिथे उकडायचे बटाटे वेगळे आणि तळायचे वेगळे मिळतात. आम्ही खिचडीसाठी तळायचे घेऊन आलो.

मग आलं हवं होतं. आलंही त्यांच्याकडूनच आलं असणार, अशी माझी समजूत. "आलं," मी म्हणालो. "आल्यु!" म्हणत आजोबांनी लसणाची भलीमोठी गड्डी बायकोपुढे धरली. संकष्टीला, सकाळी दहा वाजता! ती तीन पावलं मागे सरली. आजोबांना वाटलं गड्डी लहान वाटली, म्हणून त्यांनी लसणाची वेणीच काढून पुढे केली. त्यांची 'आल्यु' म्हणजे लसूण. आल्याला ते 'जेंजीब्र' म्हणतात.

कोथिंबीर मात्र एक शब्द न बोलता मिळाली. बायकोने नाक वर करून दोनदा हुंगलं, टोमॅटोच्या खोक्यांमागे गेली आणि जुडी घेऊन परत आली. पोर्तुगालात कोथिंबीर पोत्याने खातात, हे मला माहीत नव्हतं. दाल्गादोंनी वासांचाही कोश करायला हवा होता. बायकोच्या जाऊबाईंकडे उपवासाला कोथिंबीर चालत नाही, आमच्याकडे चालते. हा वाद वसईत चालू आहे, तो इथे वाढवत नाही.

एव्हाना अकरा वाजले होते. बायकोच्या पोटात त्या फुकटच्या बाटलीतलं पाणी आणि एक सुकेळं. "फळ तरी खाऊया एखादं," ती म्हणाली. आणि समोरच्या कॅफेच्या काचेवर मला ठळक अक्षरांत दिसलं: 'संदेस दे पेरू'.

"पेरू आहे!" मी ओरडलोच.

संदेस म्हणजे सँडविच, एवढं मुलीकडून कळलेलं होतं. पेरूचं सँडविच ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण आपण काकडीचं करतो, त्यांनी पेरूचं केलं. शिवाय गोव्यात पेरूच्या गराची पेराद करतात, तिचं नावही त्याच घराण्यातलं. मला सगळं कसं जुळत चाललं होतं. अडचण एवढीच की उपवासाला पाव चालत नाही. त्यावर बायकोनेच तोडगा काढला. "पाव तुम्ही खा. आतला पेरू मी खाते."

सँडविच आलं. तिने वरचा पाव अलगद उचलून माझ्या ताटलीत ठेवला. आत गुलाबीसर, पातळ, ओलसर काप एकावर एक लावलेले.

"गुलाबी जातीचा दिसतोय," मी म्हणालो.

तिने एक काप दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला. बाजारात वांगं निवडताना ती जशी बघते तशी बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, याला बी नाही."

"परदेशातला पेरू. बियांशिवाय करत असतील."

"आणि वास?"

"तुला आता सगळ्याला कोथिंबिरीचा वास येणार."

तिचा विश्वास बसेना. तिने वेटरला बोलावलं. हा पंचविशीतला हसरा मुलगा, इंग्रजी माझ्यापेक्षाही बेताचं. तिने काप दाखवून विचारलं, "पेरू?" तो म्हणाला, "सीं, सीं, पेरू!" म्हणजे हो, हो. तिने बोटांनी बी दाखवायचा प्रयत्न केला. तो बुचकळ्यात पडला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने मान पुढे काढली, ओठांचा चंबू केला आणि म्हणाला, "ग्लू, ग्लू, ग्लू!"

"गूळ!" बायकोचा जीव भांड्यात पडला. "तरीच! गुळात मुरवलाय, म्हणून बिया काढल्यात." आणि तिने काप तोंडाकडे नेला.

त्या मुलाला आपलं म्हणणं अर्धवट पोचलंय असं वाटलं असावं. देव त्याचं भलं करो. त्याने दोन्ही कोपर अंगाला लावून पंख फडफडवले, एक पाय उचलला, हनुवटीखाली हात लोंबता धरला आणि आमच्या टेबलाभोवती एक फेरी मारली. "ग्लू, ग्लू, ग्लू!" शेजारच्या टेबलावरच्या दोन आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

काप बायकोच्या ओठांपासून चार बोटांवर थांबला.

"अहो," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "गुळाला पंख असतात का हो?"

पोर्तुगीज भाषेत पेरू म्हणजे टर्की. कोंबडीचा तो थोरला, गळ्याला लाल पिशवी लोंबणारा भाऊ. आपला पेरू ज्या शब्दावरून आला तो त्यांचा 'पेरा', म्हणजे नासपती. खुद्द आपल्या पेरूला ते म्हणतात 'गोयाबा'. त्या पक्ष्याचं तर जगभर असंच आहे. जन्म अमेरिका खंडातला, पण इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवला, पोर्तुगिजांनी पेरू देशाचा, फ्रेंच त्याला हिंदुस्थानचा म्हणतात आणि तुर्की भाषेत तर त्याचं नावच 'हिंदी' आहे. जो तो दुसऱ्याच्या दारात ढकलतो. तो फिरत फिरत शेवटी एका संकष्टी करणाऱ्या वसईकरणीच्या बोटांत येऊन थांबला होता. बायकोने काप ताटलीत ठेवला, त्या फुकटच्या बाटलीतल्या उरलेल्या पाण्याने हात तीनदा धुतले आणि "गणपती बाप्पा" एवढंच म्हणाली. माझा संशय, त्या दिवशी तिला राग टर्कीचा नव्हता.

मुलीला फोन लावला. "मार्तीं मोनीशला जा," ती म्हणाली. "तिथे आपली दुकानं आहेत." फोनच्या मागे कुणीतरी इंग्रजीत मीटिंग घेत होतं.

मार्तीं मोनीश हा लिस्बनमधला एक चौक. नाव एका सरदाराचं. ११४७ मध्ये इथल्या किल्ल्याला वेढा पडला असताना दार मिटू नये म्हणून तो दारातच आडवा झाला आणि चेंगरून मेला, अशी कथा सांगतात. ही कथा मला दहा मिनिटांत पटली. तिथल्या एका दुकानाच्या काचेच्या दारावर 'पुशे' असं लिहिलेलं होतं. त्यातल्या एक्स या अक्षराचा उच्चार पोर्तुगीजमध्ये 'श' होतो आणि शेवटचा 'ए' जवळजवळ गिळतात, हे मुलीने शिकवलेलं. म्हणजे वाचायचं 'पुश'. मी ढकललं. दार हलेना. खांदा लावला. बायकोनेही लावला. आतून एक गुजराती बेन दोन्ही हातांनी हवेत दोरी ओढत असल्यासारखं करत होत्या. 'पुश' म्हणजे ओढा. त्या सरदाराच्या दारावरही बहुधा हेच लिहिलेलं असणार.

बेन मूळच्या दीवच्या, जन्म मोझांबिकचा, संसार लिस्बनमध्ये. त्यांना उपवास समजावून सांगावा लागला नाही. बायकोच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. साबुदाणा? "साबुदाणा खलास. काले आवशे."

"काल आलाय म्हणतायत," बायको मला म्हणाली, आणि त्यांना, "मग द्या की!"

"काले, बेन, काले!"

"हो, काल. पण आज द्या ना!"

हे असं चार-पाच वेळा झालं. गुजरातीत 'काले' हे काल आणि उद्या या दोन्ही दिवसांना लागू पडतं, आणि आमचा साबुदाणा उद्यातला होता. बायकोने मग राजगिऱ्याचं विचारलं. बेन उत्साहाने म्हणाल्या, "राजगरानो लोट?" गुजराती लोट म्हणजे पीठ. पण मी नुकताच त्या दाराशी झटलेला. 'लोट' ऐकताच मी आज्ञाधारकपणे वळलो आणि दार लोटलं. आतून ते लोटायचंच होतं. मी सरळ रस्त्यावर.

बाहेर आलोच होतो, म्हणून शेजारच्या बांगलादेशी दुकानात शिरलो. मागून बायको पिशवीत पीठ घेऊन आली. तिने दाणे मागितले. दुकानातल्या पोराला सिनेमाचं हिंदी येत होतं, पण दाणे आणि मूंगफली दोन्ही त्याच्या सिनेमांत आले नसावेत. तो म्हणाला, "बादाम?" ती म्हणाली, "बदाम नकोत रे बाबा." तो परत म्हणाला, "बादाम भालो, बादाम." मी भाव विचारला. ऐकून थक्क झालो. एवढे स्वस्त बदाम! दाण्यांचं नंतर बघू म्हणत मी दोन किलो बदाम बांधून घेतले. जाताना गल्लीत वाटता येतील, असाही हिशेब मनात झाला.

मग हिरव्या मिरच्या. त्या तिने आपल्या हाताने निवडल्या. पोराने शेजारच्या टोपलीतल्या सुरकुतलेल्या, ढोबळीच्या पिल्लांसारख्या मिरच्यांकडे बोट दाखवून विचारलं, "झाल?"

बायकोने माझा दंड धरला. "अहो, याला मराठी येतं!" आणि त्याला कौतुकाने म्हणाली, "हो, झालं, झालं!"

त्याने चार मिरच्या टाकल्या. "खूब झाल!" तो म्हणाला.

"हो ना, खूप झालं. बास आता."

त्याने आणखी चार टाकल्या. दोघंही एकमेकांवर अत्यंत खूश. दिवसभरात इतका सुरळीत संवाद झाला नव्हता.

साबुदाणा अखेर मिळाला तो एका ब्राझीलवालीच्या दुकानात. बायकोने फोनवर खिचडीचा फोटो दाखवला. ती बाई "सागू!" म्हणाली आणि एक पाकीट काढलं. सागू, साबू, नातं पुन्हा जुळलं. पांढरे टपोरे दाणे. पाकिटावरच्या चित्रात मात्र काचेच्या वाटीत जांभळी खीर होती. "जांभळाच्या रसात करत असतील," बायको म्हणाली. पैसे घेताना त्या बाईने विचारलं, "कों वीन्यु?"

"विना ना? हो हो, विनाच. उपवासाला वरचं काही घातलेलं चालत नाही. विना!"

"वीन्यु?"

"विना, विना!"

बाई खूश झाली आणि तिने एक जडशी वस्तू कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. मी सुटे पैसे मोजत होतो, तेव्हा मला वाटलं रसाची बाटली दिली असेल. वीन्यु म्हणजे वाइन. ब्राझीलच्या दक्षिणेला, रिओ ग्रांदे दो सुलकडे, साबुदाण्याची खीर तांबड्या वाइनमध्ये शिजवतात. आपण दूध घालतो, ते वाइन घालतात. संकष्टीच्या दिवशी गणपतीसमोर ती बाटली आणि दूर्वा शेजारी शेजारी उभ्या होत्या. संध्याकाळी जावई घरी आले आणि बाटली बघून म्हणाले, "आई, तुम्ही एवढं कशाला केलंत!" हे त्यांनी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या मनापासून म्हटलं.

बदामांचं पाकीट फोडलं. आत शेंगदाणे. बंगालीत बादाम म्हटलं की बहुतेकदा शेंगदाणाच. म्हणजे जे नको म्हणत होतो तेच घेऊन आलो होतो आणि तेच हवं होतं. तेवढं तरी देवाने आमच्या बाजूने केलं.

सागू चार तास भिजवला. आपला साबुदाणा भिजतो तसा तो भिजला नाही, आणि कढईत पडल्यावर एकदम सगळा एकजीव झाला. तळायचे बटाटे उकडताना फुटून त्यात मिसळले. तुपाऐवजी लोणी. आल्याऐवजी काही नाही. त्या सुरकुतलेल्या मिरच्यांतली एक बायकोने बारीक चिरून घातली, एकच, कारण बाकीच्या तिला जरा वेगळ्या वाटल्या. रात्री आठ वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना, तिने पहिला घास घेतला. कानांपर्यंत लाल झाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मग खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणाली, "तो पोरगा मराठी बोलत नव्हता."

बंगालीत 'झाल' म्हणजे तिखट. 'खूब झाल' म्हणजे काय ते त्यानंतर आम्हा चौघांनाही भाषांतराशिवाय कळलं. त्या मिरचीला नागा मोरीच म्हणतात, हे मुलीने शोधून सांगितलं. जावयांनी दोन घासांतच वाइन उघडली, आणि त्यांना कुणी काही बोललं नाही.

चंद्र मध्यरात्रीनंतर दिसला, समोरच्या इमारतीच्या अँटेनाच्या वर, अगदी वसईत दिसतो तसाच. बायकोने अर्घ्य दिलं आणि मेतकूट-भात जेवली.

महिन्याने घरी परतलो. पुतण्या विमानतळावर न्यायला आला होता. गाडीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "काका, तुमची ती पिशवी गाडीत राहिली होती. साबुदाण्याची. तुमच्याच संकष्टीला आईने भिजवला. काकू, काय मस्त साबुदाणा होता! दाणा न् दाणा मोकळा."

बायकोने आरशातून माझ्याकडे पाहिलं. वसई फाटा येईपर्यंत कुणी बोललं नाही.